मसाल्याच्या रांगेत वाचलेला कागद

कांदा-लसूण मसाल्याचा डबा उघडला की मला मंगळवार पेठेतली मिरची कांडपाची गिरणी आठवते. तेव्हा मी एसओपी लिहीत होते, म्हणजे ‘मला तुमच्याकडे का यायचंय’ हे परदेशी विद्यापीठांना सांगणारा कागद. कॉलेजातल्या सीनियरचा नमुना समोर ठेवून मी महिनाभर पहिलंच वाक्य खोडत होते. त्या दुपारी आईबरोबर मिरच्या-मसाल्याची पिशवी घेऊन गिरणीत गेले, तर कागद तिथंही नेला. मुसळं धडाधड आपटत होती, रांगेतल्या बायका खोकत होत्या. आई म्हणाली, “काय लिवलंस, मराठीत सांग की.” मी सांगितलं, “लहानपणापासून मला संशोधनाची ओढ होती.” “कुठं हुती? एसटीत कंडक्टर व्हणार म्हणत हुतीस. खरं सांग, कशाला जायचंय?” मी डोळे चोळत म्हणाले, “मला या गावात बसवत न्हाई.” आईनं पिशवी रांगेत पुढं सरकवली. आमचा नंबर आल्यावर कांडपवाल्याला म्हणाली, “दादा, किलोभर मसाला वेगळा बांधा. लांब न्यायचाय.” अजून अर्जसुद्धा गेला नव्हता. आता दर वर्षी तिचा मसाला इकडे परदेशात येतो, मी डबा घट्ट लावते आणि उगाच दुसऱ्या शहरांतल्या नोकऱ्या बघत राहते. मला याही गावात बसवत नाही.