आन्‌मग तात्या

तात्यांना काही सांगायची चोरी होती. "तात्या, जेवलो," म्हटलं, की लगेच, "आन् मग?" लग्न ठरलं सांगा, एसटी चुकली सांगा, प्रश्न तोच. निमगाव केतकीत त्यांचं नावच पडलं होतं, आन्‌मग तात्या.

तिथल्या एका डाळिंबाच्या बागेत ते वीसेक वर्षं ठिबक सिंचनाच्या पाइपांचे कॉक उघडायचं-मिटायचं काम करत. बारामतीच्या आमच्या छोट्या कंपनीनं नेमकं तेच काम सॉफ्टवेअरवर टाकायचं घेतलं. म्हणजे आमचं जमलं की तात्यांना घरी बसवणार! हे त्यांना पक्कं ठाऊक. तरी मी गेलो की आधी चहा, वर फोडलेलं डाळिंब. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

प्रोग्राम लिहायच्या आधी आम्ही सगळी यंत्रणा कागदावर मांडतो, चौकटी आणि बाण काढून. माझी आकृती साहेबांनी पास केलेली, त्यामुळे मी जरा हवेतच होतो. बांधावर कागद पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर ढेकळं ठेवली. तात्यांनी डाळिंबाचा एक दाणा पहिल्या चौकटीत ठेवला.

"ह्ये पाणी. आन् मग?"

"पहिला कॉक बंद होतो."

"आन् मग?"

"मग दुसरा उघडतो."

दाणा मधल्या बाणावर अडला. "मोटार चालू हाय न्हवं? मागचा मिटला, पुढचा उघडला न्हाय. पाण्यानं जायचं कुठं, तुझ्या खिशात? पाइप फुटंल की रं! आदी पुढचा उघड, मग मागचा मीट. ह्ये आमच्या सुनंला बी म्हाईत हाय."

झक मारली माझ्या डिग्रीनं! पण चूक कागदावरच सापडली. एक बाण खोडला, दुसरा काढला, काम भागलं. तीच चूक पुढं ऐन बहारात सापडली असती, तर पाइपलाइन फुटून बाग वाळली असती.

यंत्रणा सुरू झाली. पाणी साऱ्या बागेत फिरलं, थेंब सांडला नाही. बागेचे मालक आमचीच पाठ थोपटत होते. मला राहवेना. तात्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "त्या दिवशी गप्प बसला असता, तर तुमचं काम टिकलं असतं."

"खुळा हाईस का? झाडांनी काय घोडं मारलंय माझं?"

आठवड्यानं ते वडगाव निंबाळकरला लेकीकडं राहायला निघाले. मी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी सुटताना खिडकीतून ओरडले, "आरं, फिल्टर हप्त्याला धुवाया लागतोय! त्ये तुझ्या कागदात न्हाय. लिवून घे!"

मी तिथंच उभ्याउभ्या लिहून घेतलं. मान वर केली, तोवर गाडी गेली होती.