बोटभर सैल

नव्या बँडेजचा वास आला की तीस वर्षांपूर्वीचा वडूजच्या दवाखान्याचा व्हरांडा आठवतो. प्रथमोपचाराचा दाखला नवा करून घ्यायला आम्ही रुग्णवाहिकेवरची माणसं तिथं शिकायला बसलो होतो. साप चावला तर पट्टी आवळू नका, खालून बोट गेलं पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या पायावर पट्टी बांधणाऱ्या आमच्या वयस्कर ड्रायव्हरचे हात थांबले. “आवं डॉक्टर, धाकट्या भावाला मी लय आवळून बांधलं हुतं. पाय काळा पडला, कापावा लागला. आमी सापालाच शिव्या दिल्या.” दाखले घेऊन सगळे गेले, तरी ड्रायव्हर माझ्या पायावरची पट्टी सोडत, पुन्हा बांधत राहिले. दर वेळी खाली स्वतःचं बोट घालून मलाच विचारत, “जातंय न्हवं?” आज मी शिकवतो. पट्टी बांधून झाली की माझं बोट आपसूक खाली जातं, आणि कधीही न पाहिलेल्या त्या भावाचा पाय आठवतो.