तारा नेमका कुठे आहे

त्या संध्याकाळी एक लघुग्रह एका ताऱ्याच्या समोरून जाणार होता. त्याची सावली जमिनीच्या ज्या पट्ट्यावर पडेल, तिथूनच तारा काही क्षण दिसेनासा होणार होता. मला आकाशाची गोडी लावणाऱ्या माझ्या शाळेतल्या सरांनी जुन्या तारासूचीवरून पट्टा काढला, तो शहापूरच्या पलीकडे. मी उपग्रहानं मोजलेल्या नव्या सूचीवरून काढला, तो भिवंडीवरून. आकाशात ताऱ्याच्या दोन्ही जागांत केसाएवढा फरक, पण जमिनीवर त्यात गावंच्या गावं बसत होती.

मी म्हटलं, तारे सरकतात, जुन्या मोजणीतली बारीक चूक एव्हाना वाढली असणार. सर म्हणाले, नव्या सूचीतही जोडताऱ्यांच्या जागा चुकतात. तेही खरं होतं. दुर्बीण त्यांची एकच. ती गाडीत घालून ते दुपारीच शहापूरकडे निघाले. जाताना म्हणाले, "तू इथंच थांब. एकाला तरी दिसेल."

भिवंडीजवळ कोन गावात माझ्या ताईच्या इमारतीच्या गच्चीवर मी उसना बायनॉक्युलर टाकीच्या शिडीला बांधला. खाली रस्त्यावर कंटेनरचे ट्रक अडकून पडले होते आणि धुरानं आकाश मळलं होतं. नेमकी वेळ नोंदली जावी म्हणून ताई फोनवर माझा आवाज रेकॉर्ड करत शेजारी उभी होती.

वेळ जवळ आली आणि तारा मंद वाटू लागला. तो जावा अशी माझी इतकी इच्छा होती, की माझ्याच डोळ्यांवर माझा भरवसा उरला नव्हता. मग मी शेजारचा फिकट ताराही नजरेत धरून ठेवला. ढग आला तर दोन्ही जातील.

एकच गेला.

"गेला," मी म्हटलं. ताईनं श्वास रोखला. "आला."

थोड्या वेळानं सरांचा फोन आला. तिकडे तारा क्षणभरही दिसेनासा झाला नव्हता. मी माझं सांगितलं.

"शेजारचा होता?"

"होता."

"नक्की?"

"नक्की, सर."

रेकॉर्डिंग पाठव म्हणाले. त्यांचं 'गेला नाही' आणि माझं 'गेला', दोन्ही निरीक्षणं त्यांनी लघुग्रहांच्या वाटांचं गणित करणाऱ्यांकडे एकत्रच पाठवली.

पुढे त्यांचं उत्तर आलं. ताऱ्याची जागा नव्या सूचीचीच बरोबर होती. पण सावलीचा मध्य माझ्या पट्ट्यापेक्षा दक्षिणेला, कशेळीकडे सरकला होता, कारण लघुग्रहाची वाट थोडी चुकीची धरली होती. ते वाचून सर म्हणाले, "आता ती वाट दुरुस्त करायला बसू."