विनायकभाऊंनी मशीन शोधलं तेव्हा

आमच्या वाड्यावर किस्से जमवावे लागत नाहीत. कुंपणावर दुधी चढतो तसे ते आपोआप चढतात. शेजाऱ्याने फक्त कान उघडे ठेवायचे. माझे कान, देवाच्या कृपेने, दोन्ही शाबूत आहेत!

परवा सकाळी पोदेराच्या सायकलीभोवती पाव घ्यायला गर्दी होती. माझ्या पुढच्या दोघी कुजबुजत होत्या, "शुभांगीन घोवाक भायर काडलो गो! आता तो तंबू..."

आणि नेमका तेव्हाच पोदेराने भोंपू दाबला. पों पों! पुढचं सगळं त्या भोंप्यात गेलं. मी नको असलेले दोन पाव जास्त घेतले, तरी दोघी गणेशचवथीच्या भाज्यांवरून हलेनात.

शुभांगी आणि तिचा घोव विनायकभाऊ, म्हणजे आमचं कुंपणाला कुंपण. नवऱ्याला बाहेर काढलं आणि मला पत्ता नाही? पण खरं सांगू, नवलही वाटलं नाही. हे प्रकरण मी पहिल्या टाक्यापासून बघतेय.

*

विनायकभाऊ हायस्कुलात क्लार्क. पन्नाशीला त्यांना डोंगर चढायचं वेड लागलं. पहिल्याच ट्रेकला नव्या कोऱ्या सॅकचा पट्टा तुटला आणि सॅक, डब्यातल्या पोळीभाजीसकट, दरीत गेली!

"यापेक्षा बरी सॅक मी शिवीन," म्हणत ते घरी आले. शुभांगी देवळात गेली होती. भाऊंनी तिच्या मशीनवर थेट ताडपत्री चढवली.

ते मशीन शुभांगीच्या आईचं. अख्ख्या वाड्याचे ब्लाउज त्याच्यावर शिवले जातात. तीन सुया मोडल्या, चौथीला मशीनच गप्प झालं. म्हापशाहून मेकॅनिक आला. "बाई, शिवलंत तरी काय यावर?"

"माका विचारू नका. त्या डोंगरवाल्याक विचारा!"

मशीन दुरुस्त झालं, पण शुभांगीने त्याला आईचं जुनं लुगडं गुंडाळलं आणि बजावलं, "चवथीच्या आत स्वतःचं मशीन आणा. नाहीतर ताडपत्री आणि डोंगर, दोन्ही सोडा!"

नवं मशीन परवडणारं नव्हतं, डोंगर सुटणारा नव्हता. भाऊ जुनं मशीन शोधायला निघाले. मीही त्यांच्या गाडीत बसले. मशीनमधलं मला कळत नाही, पण माणसं कळतात!

*

भाऊंच्या खिशात सीट-बेल्टचा एक तुकडा असे. गॅरेजमधून मागून आणलेला. त्याची चौपदरी घडी ज्या मशीनने शिवली, ते मशीन घ्यायचं.

पहिलं घर नार्व्याला. मशीन कसं, आरशासारखं!

"बाई, चालतं ना?"

"वीस वर्सांत एकदाय बिघडूंक ना!"

"काय काय शिवलंत?"

"शिवलं खंय? मशीनावयर टीव्ही आसलो!"

*

दुसरं मोरजीला. किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांच्या छत्र्या शिवणारा माणूस. मशीनला ताजा हिरवा रंग. भाऊंनी चाक फिरवलं. कर्रर्र!

"आत रेती आहे हो."

तो माणूस जरासुद्धा हलला नाही. "दादा, दर्यादेगेचं मशीन. दर्याचा आवाज येणारच!"

मी हसून हसून बेजार. भाऊ हसले नाहीत. चवथ पंधरा दिवसांवर आली होती.

*

तिसरं पेडण्यात, एका रिटायर बाईंकडे. "हे कॉम्प्युटरवालं. बटण दाबा, बदक येतं. हे दाबा, गुलाब येतो."

भाऊंनी सीट-बेल्ट सरकवला. मशीनने दोनदा टीं टीं केलं आणि डोळे मिटले. बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "भ्यालं हो ते!"

भाऊंचा उतरलेला चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाल्या, "बदक काढून देऊ का एखादं?"

*

शेवटी डिचोलीला बाबलकाका भेटले. मूळचे सिंधुदुर्गातले. खाणीच्या ट्रकांच्या सीटा आणि ताडपत्र्या शिवण्यात जन्म गेला. खाणी बंद झाल्या, ट्रक थांबले, डोळेही अधू झाले. मशीन काळं, ओबडधोबड, वजनाला आमच्या रगड्यासारखं. सीट-बेल्टचे चार पदर? भाऊंनी सहा घातले. केळीच्या पानातून जावी तशी सुई गेली!

"घेतलं!" भाऊ ओरडलेच.

"रवा," काकांनी हाताने थांबवलं. "तुमी मशीन बघितल्यात. आता मशीन तुमका बघतलां. बसा, शिवन दाखवा."

भाऊंनी जीव ओतून एक शिलाई मारली. काकांनी ती बोटांनी चाचपली, दोन्ही हातांनी ओढली. टर्रर्र! चवथ आठवड्यावर, आणि काका मान हलवतायत.

"घरात आणखी कोण शिवता?"

"बायको. ब्लाउज शिवते. आईच्या मशीनवर."

काकांनी आपल्या मशीनवर एक थाप मारली. "मग घेवन जावा. तुमका नाय देत हां. तिका देतंय!"

*

चौघांनी उचलून आणलेलं मशीन शुभांगीने उंबऱ्यावर अडवलं. "हॉलात फळाफुलांची माटोळी बांधायची आहे. माटोळीखाली गणपती बसतो, मशीन नाही!" मग ते अंगणातच राहिलं. पाऊस काही थांबत नव्हता, म्हणून भाऊंनी त्या मशीनवर पहिली वस्तू शिवली ती त्याच मशीनसाठी तंबू!

इथपर्यंत मला ठाऊक होतं. पुढचं पोदेराच्या भोंप्यात अडकलेलं. तेव्हा परवाच, शुभांगीची एक वाटी माझ्याकडे राहिली होती ती घेऊन मी निघाले.

तंबूची चेन बंद. बाहेर घराच्या पायरीवर, डोक्यावर छत्री धरून, विनायकभाऊ कात्रीने सॅकचे पट्टे कापत बसलेले. आतून मशीनचा टकाटक टकाटक आवाज.

"भाऊ, तुम्हाला खरंच बाहेर काढलं?"

"काढलं."

"घरातून?"

"छे हो, वैनी. तंबूतून!"

टकाटक थांबली. आतून शुभांगीचा आवाज आला, "कोण, सुनंदावैनी? या, या! पण चेन हळू उघडा हां. ती त्यांनी बसवलेली आसा!"