मावशींनी सुट्टीत काय वाचलं

कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात काचेची भांडी धुण्यात मावशींची एकोणीस वर्षं गेली. लेक शिकून नर्स झाली, घर मार्गी लागलं, तशी त्यांनी बाहेरून बारावीची परीक्षा दिली, पास झाल्या, आणि त्याच कॉलेजात विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. वय वर्षं चव्वेचाळीस.

विभागप्रमुख सरांनी त्यांना बोलावून घेतलं. “मावशी, कॉलेज सुरू व्हायला दोन महिने आहेत. सगळंच वाचायला जाल तर धड काहीच होणार नाही. एक विषय धरा, आणि तो गणित धरा. रसायन तुमच्या हाताखालून गेलंय.”

मावशींचा नवरा शिंपी. त्याच्या कापायच्या टेबलाचा एक कोपरा त्यांनी मागून घेतला आणि गणिताशी झोंबायला सुरुवात केली. आठ दिवसांत डोक्यात काडीचंही शिरलं नाही. नवव्या दिवशी दुपारी, निदान ओळखीचं काहीतरी वाचावं म्हणून त्यांनी रसायनाच्या प्रात्यक्षिकांचं पुस्तक उघडलं. बीकर, ब्युरेट, नळ्यांची चित्रं बघून माहेरी आल्यासारखं वाटलं. शेवटची चार पानं सुरक्षिततेची होती. ती मुलं कधी उघडत नाहीत. मावशींनी उघडली.

दुसऱ्या पानावर क्रोमिक आम्ल होतं. विभागात त्याला सगळे ‘नारिंगी पाणी’ म्हणत. डाग न निघणाऱ्या ब्युरेटमध्ये ते ओतून ठेवायचं आणि सकाळी विसळायचं, हे मावशींचं रोजचं काम. पुस्तकात लिहिलं होतं की कातडीला न भरणाऱ्या जखमा होतात, वाफेनं नाकाचा पडदा झिजतो, आणि वर्षानुवर्षं संपर्क राहिला तर कर्करोग होऊ शकतो. हातमोज्यांशिवाय हात लावू नये.

मावशींनी शेवटची ओळ तीनदा वाचली. मग स्वतःचे हात बघितले. नखांभोवतीच्या त्या बारीक खड्ड्यांना त्या इतकी वर्षं साबणाला बोल लावत आल्या होत्या.

नवऱ्याचं शिलाई मशीन थांबलं. “अगं, काय झालं? तोंड पांढरंफटक पडलंय तुझं.”

त्यांनी पुस्तक पुढे सरकवलं. नवऱ्यानं वाचलं, त्यांचा हात मशीनच्या दिव्याखाली धरला आणि बराच वेळ तो सोडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या सरांसमोर उभ्या राहिल्या. “सर, तुम्हाला हे माहीत होतं?”

सरांनी पान बघितलं. “माहीत होतं.”

“मग मला कुणी सांगितलं कसं नाही?”

सर उठले, खिशातून किल्ली काढून भिंतीतलं कपाट उघडलं. आत हातमोज्यांची खोकी होती. “मुलांसाठी मागवले होते,” ते म्हणाले. “तुम्ही... तुमचं डोक्यातच आलं नाही, मावशी.” त्यांनी एक जोड ओढला. रबर जुनं होऊन चिकटलं होतं, ते हातातच फाटलं.

लेकीनं त्याच आठवड्यात मावशींना दवाखान्यात नेलं. फुप्फुसं स्वच्छ निघाली, नाकात एक जखम सापडली. दरवर्षी तपासून घ्या, डॉक्टर म्हणाले.

“आता गणित राहू दे,” मावशींनी घरी सांगून टाकलं. “ह्या सुट्टीत मी विभागातल्या बाटल्या वाचणार. एकूण एक.”

रोज सकाळी त्या विभागात जात, बाटलीवरचं नाव पुस्तकात शोधत आणि मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहून चिकटवत. कशापासून जपायचं, अंगावर सांडलं तर काय करायचं. सर शेजारी बसून अडलेले शब्द सांगत. दोघं कामापुरतंच बोलत.

एके दिवशी कार्बन टेट्राक्लोराइडची बाटली हाती आली. मावशींनी बूच हुंगलं नाही, तरी वास आठवला. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरचे तेलकट डाग काढायला त्या पूर्वी हेच घरी नेत, सरांना विचारून. शिवणाची खोली तीच झोपायची खोली, आणि लेक तेव्हा दुसरीत होती. पुस्तकात यकृत लिहिलं होतं, मूत्रपिंड लिहिलं होतं, बंद खोलीत वापरू नये असं लिहिलं होतं. मावशींनी पेन खाली ठेवलं. चिठ्ठी सरांना लिहावी लागली.

संध्याकाळी त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. लेक म्हणाली, “रक्त तपासून घेते उद्या. आई, तुला कुठे ठाऊक होतं?”

“मी विचारलंही नाही ना गं.”

लेकीचा अहवाल चांगला आला. तो घडी घालून मावशी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होत्या.

कॉलेज सुरू होईपर्यंत दोनशे अकरा चिठ्ठ्या झाल्या. नारिंगी पाणी बंद झालं, मावशी नवे हातमोजे घालून साध्या साबणानं ब्युरेट घासू लागल्या. सकाळी त्या वर्गात पहिल्या बाकावर बसत, दुपारी मोरीपाशी उभ्या राहत. पहिल्या सत्रात त्या गणितात सपशेल नापास झाल्या. निकाल बघून सर म्हणाले, “मी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंत,” मावशी म्हणाल्या, आणि पुढच्या परीक्षेचा अर्ज मागितला.