डावं बोट, उजवं बोट

गल्लीत त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही. घरातला स्पीकर खरखरायला लागला की लोक म्हणतात, "कानसाहेबांकडे टाक." मग कुणीतरी ते खोकं पोटाशी कवटाळून जिना उतरतं, दुकानाच्या पायरीवर टेकवतं आणि काउंटरवर बसलेल्या कानसाहेबांच्या बायकोला, काकूंना, विचारतं, "कान आहेत का?" काकूंच्या ओठांत बहुतेक वेळा वायरचा तुकडा असतो. त्या नुसतीच मान आतल्या बाजूला वळवतात.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, भिंतीशी पोटं उघडी टाकून पडलेले स्पीकर आणि मधोमध लाकडी हातांची एक खुर्ची. ती कानसाहेबांची. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून हातांचं सगळं काम काकूंकडे आलं. विरलेल्या फोमची कड खरवडायची, नवी चिकटवायची, आवाज काढणारा कागदी कोन बरोबर मधोमध बसवायचा. तो केसभर जरी सरकला तरी आतली तारेची कॉइल घासते आणि गाणाऱ्याच्या घशात खडे अडकल्यासारखं वाटतं. सगळं वाळलं की दोन्ही खोकी खुर्चीसमोर डावी-उजवीकडे मांडायची आणि गाणं लावायचं.

गाणं कायम एकच. एका बाईचं, संथ, खालच्या पट्टीतलं. कानसाहेब डोळे मिटतात. दोष डावीकडे असला तर डावं बोट वर, उजवीकडे असला तर उजवं. पहिलं कडवं संपतं तिथे ती बाई श्वास घेते, इतका बारीक की धड स्पीकरमधूनच तो कळावा. तिथे त्यांची मान डोलते. "श्वास आला. देऊन टाक."

काम हाती आलं त्या नव्या नवलाईच्या दिवसांत काकूंनी पहिल्यांदा वायरी जोडल्या तेव्हा एका खोक्याची लाल आणि काळी उलटी लागली होती. तसं झालं की दोन स्पीकर एकमेकांचा खोल आवाज खाऊन टाकतात, वरवरचा पातळ तेवढा उरतो. कानसाहेब डोळे न उघडता म्हणाले होते, "अगं, हिला उपाशी ठेवलंस की काय? पोटात काहीच नाही हिच्या." काकू तेव्हा हसल्या, पण मनात एक गोष्ट पक्की झाली. आपल्याला हात आहेत, कान नाहीत.

आता मात्र कानसाहेबांचा कानच काकूंची झोप उडवून बसला होता. हल्ली चहाची किटली शिट्टी मारून मारून आटायची आणि तिच्या शेजारी बसलेले कानसाहेब पेपर वाचत राहायचे. दाराची बेल वाजली तर काकूच उठायच्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलून काय होणार होतं? हात गेले तेव्हा कान होते. कान गेले तर हा माणूस त्या खुर्चीत बसून दिवसभर करणार काय?

अशात एक कंडक्टर आपले स्पीकर घेऊन तिसऱ्यांदा आला. नोकरी कधीच संपली होती, पण बोलणं अजून बसमधलंच.

"पुढे सरका काकू, माझं सामान येऊ द्या." त्यानं दोन्ही खोकी काउंटरवर ठेवली. "तेच दुखणं. उजवीकडे खुळखुळ खुळखुळ. तुम्ही फोम बदलण्याआधी आवाज जरा मेलेला होता, पण खुळखुळ नव्हती."

"इथे तर येत नाही हो ती," काकू म्हणाल्या.

"इथे कशी येईल? डॉक्टरसमोर खोकला येतो का कधी?"

गाणं लागलं. कानसाहेबांनी डोळे मिटले. बोट उठलं नाही. श्वासापाशी मान डोलली. "ह्यात काही नाही. घरात असेल तुमच्या."

"घरात माझी बायको आहे," कंडक्टर म्हणाला. "ती खुळखुळत नाही. ती सरळ वाजते."

कंडक्टरनं आवाज उतरवला. "काकू, राग मानू नका. सगळी गल्ली मानते यांना. पण वय कुणाला चुकलंय? नसेल येत ऐकू तर तसं सांगा, मी दुसरीकडे दाखवतो."

काकूंनी ओठांतली वायर काढली. खोलीत त्यांनाही काही ऐकू आलं नव्हतं. पण ऐकायचं काम त्यांचं नव्हतंच कधी, त्यामुळे स्वतःच्या कानांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता.

"रिक्षा थांबवा," त्या म्हणाल्या. "मी येते तुमच्या घरी."

कानसाहेब पेपर उघडून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं.

कंडक्टरचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना चढून काकूंचे गुडघे बोलायला लागले होते. पुढची खोली छोटी, सोफा मोठा, एका भिंतीला काचेचं कपाट. कंडक्टरच्या बायकोनं पाणी आणलं आणि विचारलं, "इलाज स्पीकरचा करणार की यांचा?"

"आधी स्पीकरचा," काकू म्हणाल्या. "तो तरी बरा होईल."

गाणं लागलं आणि खरंच, बाईचा आवाज खाली उतरला तशी उजवीकडून खुळखुळ आली. म्हणजे दुकानात कानसाहेबांना ऐकू आलं नव्हतं.

पण काकूंच्या हातांना सवय होती. त्यांनी ॲम्प्लिफायरच्या मागच्या वायरी डाव्याच्या उजव्याला लावल्या. खुळखुळ उजवीकडेच. म्हणजे ॲम्प्लिफायर सुटला. मग दोन्ही खोक्यांच्या जागा बदलल्या. डावं खोकं उजवीकडे गेलं, तरी खुळखुळ उजवीकडेच. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या आणि कानसाहेबांसारखे डोळे मिटले. आवाज खोक्यातून येतच नव्हता. त्याच्या वरून, मागून येत होता. चाचपडत त्या काचेच्या कपाटापाशी गेल्या आणि वरच्या फळीवर तळहात ठेवला. खुळखुळ थांबली. हात काढला, पुन्हा सुरू.

फळीवर एक पितळी घंटा होती, निरोपाच्या समारंभात मिळालेली. खोल सूर आला की काच थरथरायची आणि घंटेचा लोलक आतल्या आत नाचायचा. फोम विरला होता तोवर खोल सूर येतच नव्हता. काकूंनी स्पीकर नीट केला म्हणून घंटेला कंठ फुटला होता.

"जन्मभर घंटा मारली," बायको म्हणाली, "तरी हौस फिटली नाही या माणसाची."

कंडक्टरनं घंटा उचलून खिशात टाकली आणि खजील होऊन म्हणाला, "काकू, कानसाहेबांना माझा नमस्कार सांगा. बोललो ते विसरा म्हणावं."

परतताना काकू रिक्षात डोकं मागे टेकून बसल्या. अंग आंबून गेलं होतं, पण छातीवरचा दगड उतरला होता. किटलीचं काय एवढं? पेपरात गुंगले असतील.

दुकानात शिरताच त्या म्हणाल्या, "अहो, घरातच होतं. घंटा होती त्याची. तुम्ही बरोबर बोललात."

कानसाहेबांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. ते त्या घडीवरून बोट फिरवत राहिले.

"मी अंदाजानं बोललो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुझ्या हातचं काम होतं. त्यात खोट नसणार, हे माहीत होतं. ऐकून नाही सांगितलं मी."

"आणि श्वास?"

"पाठ आहे गं. कडवं कुठे संपतं ते कळतं, तिथे मान हलवतो. जाडा आवाज येतो ऐकू. बारीक सगळं गेलं. किटली, बेल... तू दुसऱ्या खोलीतून हाक मारतेस, तीही."

काकू पायरीजवळच्या स्टुलावर बसल्या. रागवायचंही त्राण नव्हतं. "मला सांगायचं नाही?"

"तू तरी कुठे विचारलंस? किटली आटली की गुपचूप पाणी घालत होतीस."

समोर दुपारी वाळलेली स्पीकरची एक जोडी तयार होती, गिऱ्हाईक संध्याकाळी न्यायला येणार होतं. कानसाहेब खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. खुर्ची थोडी पुढे ओढली.

"बस."

"मला नाही कळत त्यातलं."

"घंटा कुणी शोधली? बस म्हणतोय ना."

काकू बसल्या. खुर्ची त्यांना मोठी होत होती, पाय जमिनीला जेमतेम टेकले. मागे कानसाहेबांची खुडबुड चालली होती. थरथरत्या बोटांनी ते वायरी खाचेत सरकवत होते, एक निसटली, पुन्हा सरकवली. काकूंना उठून मदत करावीशी वाटली. त्या उठल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटले.

बाई गायला लागली. कडवं संपलं, श्वास आला, स्वच्छ, दोन्ही बाजूंनी. काकूंनी इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच नीट ऐकला. पण त्यांचं बोट वर उठलं. डावं नाही, उजवं नाही, दोन्ही.

"काय झालं?" मागून कानसाहेब.

"उपाशी आहे ती," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "एक वायर उलटी लावलीत."

खुडबुड थांबली.

"मुद्दामच लावली," कानसाहेब म्हणाले. "बघत होतो, कळतंय का."

"खोटं."

"बरं, खोटं," ते म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले.