कुठेतरी पाणी मुरतंय

वायसरकाकूंच्या पर्समध्ये कंगवा सापडेलच असं नव्हतं, पण वायसर सापडायचेच. काळे रबरी, लाल फायबरचे, जाड, पातळ, सगळे पावडरच्या एका जुन्या डबीत खुळखुळत असत. सोबत टेफ्लॉन टेपचं रीळ आणि वीतभर पाना. कुणाकडे चहाला गेल्या, की पहिला घोट घेण्याआधी त्यांचे कान टवकारले जायचे. स्वयंपाकघरातून टप्प असा आवाज आला की कप खाली आणि पाना वर. चहा निवून जाई, नळ मात्र गप्प होई.

त्यांची कॉलनी म्हणजे एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या दुमजली घरांची लांब रांग. भिंती सामाईक. एका घराला ओल आली की शेजारच्या घराला शिंक येते, असं काकू म्हणायच्या. काकूंचं बोलणं असंच होतं. साधं वाक्य त्यांच्या तोंडून क्वचितच निघायचं. म्हण, वाक्प्रचार, टोमणा, काहीतरी जोडीला असल्याशिवाय त्यांचा शब्द घराबाहेर पडत नसे.

हा पान्याचा नाद लागला तो लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात. मोरीचा नळ वाहत होता, प्लंबर ‘आलोच’ म्हणून गेलेला, आणि नवी सून दिवसभर त्याची वाट बघून कंटाळली. शेवटी तिने सांडशी घेतली आणि नळ उघडला. पाणी थेट छताला लागलं. सासरेबुवा घरातल्या घरात छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “सूनबाई, आधी मेन कॉक बंद, मग शहाणपण.” हे वाक्य काकूंनी जन्मभर जपलं. त्या दिवसापासून त्यांच्या घराचा उंबरठा एकाही प्लंबरने ओलांडला नव्हता, आणि ही गोष्ट त्या कुणालाही, न विचारता, सांगत असत.

कॉलनीच्या तोंडाशीच एका प्लंबरचं दुकान होतं. तो काकूंना बघितलं की हात जोडायचा. “काकू, तुम्ही माझ्या पोटावर पाय देता.”

“पाय कुठे, पाना देते,” काकू म्हणायच्या, आणि त्याच्याच दुकानातून डझनभर वायसर घेऊन जायच्या.

घराच्या विम्याचं खूळही काकूंनीच आणलं. सोसायटीचा विमा आहे म्हणजे आपलं सगळं आपोआप सुरक्षित, अशी बहुतेकांची समजूत होती. काकूंनी सभेत उभं राहून ती काढून टाकली. छप्पर, बाहेरच्या भिंती, सामाईक जिने एवढंच सोसायटीच्या विम्यात येतं. दाराच्या आत जे आहे त्याचा विमा ज्याने त्याने उतरवायचा. “छत्री सोसायटीची आहे,” त्या म्हणाल्या, “पण तिच्याखालचे कपडे आपले आहेत.”

समोरच्या घरातले निवृत्त बँक अधिकारी उठले. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू होत असे, म्हणून कॉलनी त्यांना पणसाहेब म्हणायची. ते म्हणाले, “पण वेळ आली की ते देतात का?”

“माझ्यावर येऊ दे वेळ, मग बघा,” काकू म्हणाल्या.

लोक हसले आणि काकूंच्या शब्दावर घरोघरी विमा उतरला. पणसाहेबांनीही उतरवला, पण सगळ्यांत शेवटी.

आणि वेळ काकूंवरच आली.

ती येण्याआधी महिनाभर काकूंच्या घरात काहीतरी शिजत होतं. काका जन्मभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका शोधता शोधता त्यांचा स्वतःचा आवाज इतका बारीक झाला होता, की ते बोलले की गप्प बसले हे बघूनच ठरवावं लागे. पण आता ते फोन घेऊन गॅलरीत जाऊ लागले. काकू जवळ गेल्या की फोन बंद करून हवा कशी छान पडली आहे यावर बोलू लागत. काकू शेजारणींना सांगायच्या, “यांचं काही खरं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.”

एका सकाळी दोघं नातीच्या शाळेतलं नाटक बघायला गेले. दुपारी परत येऊन दार उघडलं, तर पाणी एकेक पायरी उतरत, पाहुण्यासारखं अदबीने खाली येत होतं. वरच्या खोलीतल्या बेसिनखालची नळी नटापाशी तुटली होती. बैठकीच्या खोलीतलं पीओपीचं छत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं सोफ्यावर आडवं झालं होतं. भिंतीतल्या कपाटात काकांचे शब्दकोश पाणी पिऊन दुप्पट जाड झाले होते, आणि ते आत मावेनासे झाल्याने कपाटाचं दार आपणहून उघडलं होतं.

काकूंनी आधी मेन कॉक बंद केला. मग पायरीवर बसल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना एकही म्हण सुचली नाही. “अहो,” एवढंच म्हणाल्या, “तुमचे कोश.”

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीकडून सर्वेक्षक आली. पंचविशीची मुलगी, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात टॅब. तिने फोटो काढले, लांबी-रुंदी मोजली, तुटलेली नळी जपून ठेवायला सांगितली. काकूंनी तिला कोरड्या राहिलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवून चहा दिला. नळीचे पैसे मिळत नाहीत, नळीने जे नुकसान केलं त्याचे मिळतात, असं तिने समजावलं. “म्हणजे पोर आमचं, त्याचे प्रताप तुमचे,” काकू म्हणाल्या, तेव्हा ती हसली आणि जरा सैलावली. मग तिने विचारलं, “तुम्हाला आधी काही जाणवलं होतं का?”

नेमके त्याच वेळी काका फोन घेऊन गॅलरीकडे निघाले होते. काकूंची नजर त्यांच्या पाठीवर गेली आणि जीभ तिच्या मागोमाग.

“जाणवलं म्हणजे काय! महिनाभर म्हणतेच आहे मी, कुठेतरी पाणी मुरतंय. पण हे ताकास तूर लागू देतील तर शपथ.”

मुलीने मान डोलावली आणि लिहून घेतलं. पाण्याबद्दल विचारलं, पाण्याबद्दल उत्तर मिळालं; यात शंका घेण्यासारखं तिला काही दिसलं नाही.

काका मात्र दारातच थबकले. चुकीच्या जागी पडलेला शब्द त्यांना पाठीनेसुद्धा दिसत असे. त्यांनी तोंड उघडलं. पण हा शब्द सुधारायचा, तर खरं काय मुरत होतं तेही सांगावं लागलं असतं. त्यांनी तोंड मिटलं आणि हवा छान पडली आहे असं पुटपुटले.

आठवडा उलटतो न उलटतो तोच फोनवर निरोप आला. दावा नामंजूर. कारण, पाणी अचानक आलेलं नाही, दीर्घकाळ मुरत होतं. विमेदाराने देखभालीत हलगर्जी केली.

नामंजूर हा शब्द काकूंनी सोसला असता. पण देखभालीत हलगर्जी! अर्ध्या कॉलनीचे नळ ज्यांच्या धाकाने गळायचे थांबत, त्यांना! बातमी सामाईक भिंतींतून पाझरावी तशी संध्याकाळपर्यंत शेवटच्या घरापर्यंत पोहोचली. पणसाहेब स्वतः येऊन गेले. विजयी दिसू नये म्हणून त्यांनी चेहरा पाडून बघितला, पण तो मुळीच पडत नव्हता. पुढच्या वर्षी आपण विमा चालू ठेवणार नाही आणि आणखीही बरेचजण ठेवणार नाहीत, एवढं त्यांनी सांगितलं. काकूंनी दिलेला शब्द होता, म्हणून काकूंना आधी कळवलेलं बरं.

ते गेल्यावर काकूंनी त्या मुलीला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला, काकांनाही ऐकू यावं म्हणून.

“महिनाभर मुरत होतं हे तुला सांगितलं तरी कुणी?”

“मॅडम, तुम्हीच,” मुलगी गोंधळून म्हणाली. “मी शब्दन् शब्द लिहून घेतलाय. कुठेतरी पाणी मुरतंय, असं.”

काकूंचा हात कपाळावर गेला. “अगं माझे आई, ते बोलण्यातलं पाणी. खरं नव्हे. मी यांच्याबद्दल बोलत होते.”

पलीकडून हसू दाबल्याचा आवाज. “मग मॅडम, खरं काय मुरत होतं?”

काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी भिजून वाळलेल्या शब्दकोशाकडे बघितलं. त्यात मदतीला येईल असा एकही शब्द नव्हता.

“प्लंबर,” काका म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदाच इतकी वाक्यं सलग. काकूंचा गुडघा बरेच दिवस कुरकुरत होता. वरच्या बेसिनखाली वाकून बसलेल्या काकू एकदा काकांना दिसल्या. उठायला येत नव्हतं म्हणून बेसिनची कड धरून तशाच बसून होत्या. काकांची चाहूल लागताच नळी तपासतेय असं म्हणाल्या. काका तसेच गॅलरीत गेले आणि प्लंबरला फोन केला. काकू घरी नसताना एकेक जुनी नळी बदलून घ्यायची, असं ठरलं. त्या बेसिनची नळी पाणी येण्याच्या आदल्याच आठवड्यात बदलली होती, काकू समोर पणसाहेबांचा नळ दुरुस्त करत होत्या तेव्हा. नवी नळी दिसायला चकचकीत होती. नट कच्चा निघाला.

“मला सांगितलं असतंत तर?” काकू म्हणाल्या.

“तर तूच वाकली असतीस.”

काकूंनी गुडघ्यावरून हात फिरवला. फोनवरची मुलगी हळूच म्हणाली, की नळी आठवड्याचीच असेल तर महिनाभर पाणी मुरणं शक्यच नाही. ती पुन्हा येऊन बघेल, पण नळी बसवणाऱ्याने तिच्यासमोर तसं सांगायला हवं.

म्हणजे प्लंबरने काकूंच्या घरी यायचं, दिवसाढवळ्या, आणि या घरात मी आधीही येऊन गेलोय असं सांगायचं. काकूंनी “बघते” म्हणून फोन ठेवला. जेवताना पोळी नुसतीच कुस्करत बसल्या. हलगर्जीचा ठपका घेऊन मिरवायचं, की प्लंबरचा? एकीकडे आड, एकीकडे विहीर, आणि दोन्हीकडे पाणीच. मनात असं काहीसं आलं तेव्हा त्यांचं त्यांनाच हसू आलं, आणि काकांनी सुटकेचा श्वास सोडला.

सकाळी त्या गुडघा सांभाळत प्लंबरच्या दुकानात गेल्या. त्यांना बघताच त्याच्या हातातला पाइप खाली पडला.

“काकू, काकांनी शपथ घातली होती हो.”

“उद्या घरी ये. पुढच्या दाराने.”

“सगळे बघतील, काकू.”

“डोळे दिलेत ते कशाला? बघू देत.”

आणि सगळ्यांनी बघितलं. मुलगी आली तेव्हा पणसाहेब आपल्या फाटकाला तेल घालत होते. त्या फाटकाला इतकं तेल कधीच लागलं नव्हतं. काकूंनी दार सताड उघडं ठेवलं. मुलीने नळी कुणी बसवली असं विचारल्यावर, प्लंबर काही बोलायच्या आत, काकूंनीच रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

“प्लंबरने. आमच्याकडे प्लंबर आला होता. मला माहीत असतं तर मी येऊ दिलं नसतं, मीच वाकले असते. नाही सांगितलं तेच बरं झालं.”

रस्त्यापलीकडून “पण काकू...” असं ऐकू आलं.

“पण नाही, साहेब. आला होता.”

प्लंबरने पिशवीतून आधीची नळी काढली. दुकानातल्या भंगारात पडून होती. तिच्यावरच्या तारेच्या जाळीला गंज चढला होता, एका जागी फुगवटा आला होता. काकूंनी ती हातात घेतली आणि उलटसुलट करून बघितली. ही आज ना उद्या फुटणारच होती, आणि ही त्यांच्या नजरेतून सुटली होती. गुडघ्याने वाकू दिलं नव्हतं आणि मनाने कबूल होऊ दिलं नव्हतं. त्यांनी ती परत दिली.

मुलीने नव्या नळीचा तुटलेला नट भिंगाखाली धरला. तडा ताजा, आत क्षाराचा कणही नाही. मग तिने कोपऱ्यात रचलेले छताचे तुकडे एकेक करून उजेडात धरले. जुनी ओल पिवळी वर्तुळं सोडून जाते, ती म्हणाली. इथे एकही नव्हतं. हे पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं, पण घरच्याच माणसाने इतकं स्पष्ट सांगितल्यावर पुढे शोधावं असं तिला वाटलंच नाही.

“चूक माझ्या जिभेची,” काकू म्हणाल्या. “तिला मेन कॉकच नाही.”

दावा मंजूर झाला. नळीचे पैसे तेवढे मिळाले नाहीत, पण ते प्लंबरनेच आपणहून सोडून दिले होते. छत नवं झालं, कपाट नवं झालं. काकांनी शब्दकोश मात्र बदलले नाहीत. उन्हात उघडे ठेवून वाळवले, आणि ते आता कधीच पूर्ण मिटत नाहीत. पणसाहेबांनी विमा चालू ठेवला. “पण तो माझ्या विचाराने,” असं त्यांनी चार जणांना सांगितलं.

काकूंच्या पर्समधली डबी अजून खुळखुळते. खाली वाकायचं काम आलं की त्या प्लंबरला बोलावतात, स्वतः स्टुलावर बसून टॉर्च धरतात आणि नट किती आवळायचा ते सांगतात. त्याला आपलं पोट भरतंय की डोकं खातायत हे अजून ठरवता आलेलं नाही.

मध्यंतरी ती मुलगी पणसाहेबांच्या घराच्या तपासणीला आली होती, तेव्हा जाताना काकूंकडे चहाला थांबली. बोलता बोलता काकूंना दिसलं, काका फोन घेऊन गॅलरीत निघाले आहेत. काकूंनी तोंड उघडलं. मुलीने कप खाली ठेवला आणि वाट बघू लागली. काकूंनी तोंड मिटलं आणि आयुष्यात क्वचितच बोलल्या असतील असं अगदी साधं वाक्य बोलल्या.

“अहो, कुणाशी बोलताय?”

“प्लंबरशी,” काका म्हणाले, चक्क मोठ्याने.

“मग आत बसून बोला. बाहेर ऊन आहे.”